मोहरील सर झाड पाडतात

हेमचंद्र मोहरील सरांनी चेनसॉ घेतली, ती काही हौस म्हणून नाही. पुण्याला जायचं नव्हतं म्हणून घेतली. आता हे दुकानदाराला कसं सांगणार? त्याने विचारलं, "किती एकरांत झाडं हायेत काका?" सर म्हणाले, "एकच आहे. अंगणात." दुकानदाराने सरांचे पांढरे केस पाहिले, मनगटं पाहिली आणि मशीन खोक्यात भरताना उगाचच आवाज बारीक करून म्हणाला, "सांभाळून बरं." सरांच्या अपमानाची सुरुवात इथून झाली असं म्हणायला हरकत नव्हती, पण खरं म्हणजे ती आधीच झाली होती.

झालं असं की नवरात्रात, अष्टमीला, श्रेयसचा, म्हणजे सरांच्या मुलाचा, पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. सर अंगणात खुर्ची टाकून बोलत होते आणि त्यांच्या डोक्यामागे वाळलेला कडुलिंब उभा होता. झाड मेल्याला दोन पावसाळे होऊन गेले होते. अंगावर एक गुळवेल तेवढी हिरवीगार चढलेली, बाकी सगळा सांगाडा, आणि तो सांगाडा घराकडे झुकलेला.

"बाबा, ते झाड अजून उभंच आहे? पडेल ना एखाद्या दिवशी घरावर."

"पाडायचंच आहे."

"किती दिवस ऐकतोय. तुम्हाला झेपत नाही बाबा आता ते घर. मी दिवाळीला येतोय. घराला गिऱ्हाईकही आहे. तुम्ही दोघं चला इकडे. नातीजवळ राहाल, जुईलीच्या शेजारची खोली रिकामीच पडली आहे."

झेपत नाही! ज्या माणसाने अमरावतीच्या दोन पिढ्यांना भूमिती शिकवली, ज्याच्या छडीला घाबरून अर्धं शहर प्रमेयं पाठ करत मोठं झालं, त्याला स्वतःच्या अंगणातलं मेलेलं झाड झेपत नाही? सरांचा चेहरा फोनमध्ये मावेना.

"ऐक. दिवाळीच्या आत ते झाड मी पाडणार. माझ्या हाताने."

श्रेयस हसला. "पाडलंत ना, तर हा विषय मी जन्मात काढणार नाही."

"नकोच काढूस. आम्हाला दोघांनाही इथून हलायचं नाही. तुझ्या आईला तर नाहीच नाही."

आई, म्हणजे कुंदाताई, स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला तोवर सरांनी कॉल बंद केला होता.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान नावाचा लाकूडतोड्या बोलावला. त्याने झाडाला प्रदक्षिणा घातली, वर पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "पोरगं कवा येते तुमचं? त्याच्यासंगच बोलतो मंग." सरांनी त्याला फाटक दाखवलं आणि तसेच पायात चपला घालून ते बाजारात गेले. तर चेनसॉ आली ती अशी.

आता नशीब बघा. मशीन घरात आली तो दिवस नेमका खंडेनवमीचा निघाला. मोहरीलांच्या घरात या दिवशी कंपासपेटीपासून विळीपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. सर मुळात भटजींच्या घराण्यातले. नव्या यंत्राची पूजा वरवर उरकणं त्यांना पटेना. त्यांनी वरचं झाकण उघडलं, आत स्पंजासारखं काहीतरी होतं, त्याला हळदीकुंकू वाहिलं, जिथे जिथे फट दिसली तिथे तिथे अक्षता टाकल्या, मंत्र म्हटले आणि झेंडूचा हार घातला.

कंपाउंडच्या भिंतीपलीकडून डोमाजी वानखडे हे सगळं पाहत होते. डोमाजी पोस्टातून रिटायर झालेले, सरांच्याच वयाचे. रोज संध्याकाळी भिंतीच्या अलीकडे सरांची खुर्ची आणि पलीकडे डोमाजींची, हा त्या दोघांचा नेम. डोमाजींच्या घरी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखेरीज कोणाला हार पडत नाही, त्यामुळे मशीनच्या गळ्यातला हार पाहून त्यांना राहवेना.

"सर, हे मशीन आहे का जावई?"

"डोमाजीभाऊ, तुमाले नाही समजत त्यातलं."

"मले एवढंच समजते का पोटात तांदूळ गेल्यावर इंजिनाले काई भूक लागत नाही."

सरांनी उत्तर दिलं नाही. उत्तर दसऱ्याला सकाळी मशीनने दिलं. म्हणजे दिलंच नाही. सरांनी दोरी ओढली, मशीन खोकली आणि गप्प बसली. पुन्हा ओढली, पुन्हा गप्प. सोनं वाटायला निघालेली मंडळी फाटकाशी थांबू लागली. या कॉलनीत सगळ्या घरांत म्हातारीच माणसं, पोरं पुण्याला नाहीतर बंगळूरला. अशा ठिकाणी एक म्हातारा दोरी ओढतोय म्हटल्यावर बाकीच्यांना दुसरं काय बघायचं? कोणी म्हणे चोक द्या, कोणी म्हणे चोक बंद करा, कोणी म्हणे प्लग तापवा, कोणी म्हणे उन्हात ठेवा. सरांनी सगळ्यांचं ऐकलं, ही त्यांची चूक. पेट्रोल इतकं चढलं की अंगणभर वास सुटला, आणि शेवटी सरांनी दात-ओठ खाऊन असा काही हिसका मारला की दोरी तुटून हातात आली आणि सर वृंदावनावर जाऊन बसले. मंडळींनी सरांच्या हातात आपट्याची पानं दिली, "सोन्यासारखे राहा" म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

खांद्याला बाम चोळताना कुंदाताई म्हणाल्या, "सोडून द्या ना."

"सोडून देऊ? म्हणजे तो म्हणाला ते खरंच करून दाखवू?"

कुंदाताईंनी बाटलीचं झाकण लावलं आणि दिवा मालवला.

दुरुस्ती अमरावतीत होईना. दुकानदार म्हणाला, पार्ट अकोल्यालाच मिळतो, मेकॅनिकही तिथलाच. मग सर मशीनच्या दातेरी पट्टीला जुनी चादर गुंडाळून एसटी डेपोवर. कंडक्टरला पेट्रोलचा वास आला. "टाकी खाली करा, नाही तर उतरा." सरांनी डेपोबाहेर एका मोटरसायकलवाल्याला ते ऑइल मिसळलेलं पेट्रोल फुकट देऊन टाकलं. तो बिचारा खूश होऊन गेला, आणि पांढरा धूर सोडत बराच वेळ चौकात दिसत राहिला.

"आता चादरीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"शैक्षणिक साहित्य," सर म्हणाले. आयुष्यभर मुलांना खोटं बोलल्याबद्दल अंगठे धरायला लावणारा माणूस! पण तेवढ्यात चादर घसरली, दात दिसले, आणि मूर्तिजापूरपर्यंत सरांच्या शेजारी कोणी बसलं नाही. खिडकीबाहेर कपाशी, पुन्हा कपाशी, ऑक्टोबरचं पांढरं ऊन. सरांच्या मनात आलं, आपण कुठे निघालो आहोत, मांडीवर काय घेऊन बसलो आहोत? आपल्या वयाची माणसं या बसमधून लग्नाला जातात, नाही तर दवाखान्यात. त्यांना एकदम फार एकटं वाटलं.

अकोल्याचा चंद्रभान मेकॅनिक तोंडात तंबाखूचा खर्रा धरून काम करणारा. त्याने मशीन उघडली, आत पाहिलं, खर्रा थुंकून आला आणि दुकानातल्या सगळ्यांना हाका मारल्या. "अबे या रे, या! काय हो काका, इच्यावर सत्यनारायण घातला का?" कार्बोरेटरमधून हळद निघाली, कुंकू निघालं, आणि अखंड अक्षता निघाल्या. गिऱ्हाइकांनी त्या तळहातावर घेऊन पाहिल्या. एकाने तर मोबाइलवर व्हिडिओ काढला. "खराब झाली तर वापस आणजा," चंद्रभान म्हणाला, "पण या टायमाले बिना पूजेची." सर मान खाली घालून उभे होते. असं ते वर्गात मुलांना उभं करत असत.

मशीन सुरू झाली, तर परवानगी अडली. घरचं झाड, तेही मेलेलं, पण पाडायचं तर सरकारी माणूस येऊन पाहून गेला पाहिजे. सरांनी पावसाळ्यातच अर्ज दिला होता. आता कुठे रामराव नावाचे साहेब स्कूटीवरून आले, हेल्मेट न काढताच वर पाहून म्हणाले, "झाड तर जितं आहे."

"अहो, ती गुळवेल आहे! झाड केव्हाच मेलं."

"सर, पान हिरवं दिसून राहिलं ना? मग मी मेलेलं कसं लिहू? उद्या कोणी तक्रार केली त मले काहून लटकवता?"

तक्रार करायला माणूस तयारच होतं. समोरच्या मैनाबाई. कोरोनापासून सगळी कॉलनी या गुळवेलीचा काढा पीत होती, आणि कडुलिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणकारी असं मैनाबाईंनी स्वतःच जाहीर केलेलं. "साहेब, हे झाड नाही, दवाखाना आहे आमचा," त्या रामरावांना म्हणाल्या. रामरावांनी हेल्मेटची काच खाली केली आणि निघून गेले.

तोड काढली डोमाजींनी. "सर, वेल वाटून टाका. झाड नागडं झालं का साहेब कोणाले जितं म्हनते?" मग एका सकाळी सगळी कॉलनी विळ्या-चाकू घेऊन आली. ज्याने त्याने आपापला तुकडा तोडून कुंडीत लावायला नेला. मैनाबाईंनी सगळ्यांत लांब तुकडा नेला, आणि वर डोळ्याला पदर लावला. वेल उतरली तसा कडुलिंब एकदम भयाण दिसायला लागला. पांढरा, सालपटं निघालेला. सरांना बघवेना. मेलेलं झाड आतापर्यंत कोणाच्या तरी हिरवेपणावर उभं होतं, हे त्यांना उगाचच लागलं.

रामराव पुन्हा येईपर्यंत बरेच दिवस गेले. त्या दिवसांत सरांनी अजून एक शहाणपणा केला. चेनसॉच्या साखळीला वेगळं तेल लागतं, त्याची टाकीही वेगळी. बरोबर आलेली बाटली सरांच्या हातून सांडली होती. माहितीपुस्तकात लिहिलं होतं की वनस्पतीजन्य तेलही चालेल. वनस्पतीजन्य म्हटल्यावर सर स्वयंपाकघरात गेले. कुंदाताईंच्या माहेराहून, दर्यापूरहून, घाण्याचं जवसाचं तेल आलेलं होतं. शुद्ध, घट्ट, सुगंधी. सरांनी ते टाकीत भरलं, साखळीला हाताने चोळलं आणि मशीन उन्हात ठेवली. जवसाचं तेल दाराखिडक्यांच्या लाकडाला लावतात ते वाळून कडक होतं म्हणूनच लावतात, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांनाही माहीत होतं. पण माहीत असणं आणि आठवणं यांत फरक असतो, असं तेच मुलांना पेपर देताना सांगत.

परवानगी मिळाली त्या दिवशी साखळी पट्टीला अशी चिकटून बसली होती की जणू वार्निश मारलंय. सरांनी ती रॉकेलमध्ये भिजवली, परातीत घासली, दिवसभर घासली. कुंदाताईंच्या फराळाच्या परातीत. त्यांनी शेवयांच्या भांड्यातच चकल्यांचं पीठ मळायला घेतलं. सरांना वाटलं, किती समजूतदार बाई आहे.

साखळी साफ झाली, बसवली, दोरी ओढली. मशीन सुरू! काय तो आवाज! सर थरथरले, आनंदाने आणि मशीननेही. त्यांनी झाडाला पट्टी लावली. धूर निघाला. नुसता धूर. लाकूड काळं पडलं, वास सुटला, पण भुसा म्हणून उडेना. सर जोर लावत राहिले, चष्म्यावर घाम आला. शेवटी भिंतीवरून डोमाजी ओरडले, "सर, थांबा ना बावा! चेन उलटी बसवली तुमी! दात मांगं तोंड करून हायेत!"

साखळी सुलट केली. आता भुसा उडाला, आणि सरांच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. ते पुरतं येईपर्यंत खडाड्कन आवाज झाला, ठिणगी उडाली, मशीन हातातून मागे उसळली. लाकडात खिळा होता. जुना, गंजका, झाडाने केव्हाच गिळलेला. एक कसला, चार. सरांनी हात लावून पाहिलं आणि ते खाली बसले. त्या खिळ्यांवर एके काळी पाटी होती, 'मोहरील सर, गणिताचे खास वर्ग'. स्वतःच्या हाताने ठोकली होती, हातोडी घेऊन, शिडीवर न चढता. तेव्हा झाडही एवढंसं होतं आणि श्रेयसही.

दात बोथट झाले. कानस आणून घासले. मग खिळ्यांच्या खालून नवा काप घेतला, तर झाड किंचित बसलं आणि पट्टी त्यात अडकली. ओढून येईना, ढकलून जाईना. रात्रभर मशीन झाडाला लटकून राहिली. जाणारे-येणारे थांबून पाहत. "सर, झाडानं मशीन धरली का मशीननं झाड?" असं विचारत.  सकाळी धनत्रयोदशी. श्रेयस गाडी घेऊन पुण्याहून निघाला होता.

सर भिंतीशी गेले.  "डोमाजीभाऊ, नाही होत हो माझ्याच्यानं. तो येऊन राहिला, अन झाड तसंच आहे. मले हे घर सोडायचं नाही. तिकडं पुण्याले मी कोण? कोणाचा आजोबा, बस. इथं मले लोक सर म्हणतात."

डोमाजींनी थट्टा केली नाही. त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेल्या सुगतला, म्हणजे मुलाला, उठवलं. सुगतने दोर आणला, लाकडी पाचरी ठोकल्या, मशीन मोकळी केली. "आता सांगा सर, कुठं पाडायचं?" मग सरांनी खडू घेतला. कोन काढला, अंगणात रेघ मारली, पुन्हा मोजली. सुगतने दोर ताणला, सरांनी काप पुरा केला, आणि कडुलिंब कडकडत खाली आला. कुठे? खडूच्या रेघेवर! ना घराला लागला, ना भिंतीला, ना वृंदावनाला. सगळी कॉलनी टाळ्या वाजवायला लागली. डोमाजी म्हणाले, "वा सर! भूमिती जितली!" सर रडले. सगळ्यांदेखत रडले, आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

संध्याकाळी श्रेयस आला. फाटकातच थांबला. अंगणभर आडवं पडलेलं झाड पाहिलं, भुशाने माखलेले वडील पाहिले. "मानलं बाबा," तो म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. विषय संपला. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो."

सर तरातरा स्वयंपाकघरात गेले. "ऐकलंस का? जिंकलो आपण! आता कोणी हलवत नाही आपल्याला."

कुंदाताई करंज्या भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "तुम्ही जिंकलात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मला जायचं होतं."

सरांना वाटलं मशीनच्या आवाजाने कान बधिर झाले. पण कुंदाताई हळू, स्पष्ट बोलत होत्या. "तुम्ही दोरी ओढायचे, आणि मी इथे देवापुढे हात जोडून म्हणायची, नको सुरू होऊ देऊ. तुम्हाला बाहेर डोमाजीभाऊ आहेत, कॉलनी आहे, सर सर म्हणणारे आहेत. मी दिवसभर कोणाशी बोलते? जुईली मोठी होऊन राहिली, तिची वेणी मी फोनमध्ये पाहते."

"मग बोलली काहून नाहीस तू?"

"विचारलं कोणी?"

सर उभेच राहिले. इतक्या वर्षांत या बाईला काय हवं, हा प्रश्न त्यांनी कधी घातलाच नव्हता.  मग ते वळले. अजून काही बिघडलं नव्हतं. श्रेयसला जाऊन सांगायचं, आम्ही येतो. मान गेली तर गेली.

श्रेयस ओसरीवर पाठमोरा फोनवर होता, आरतीशी, त्याच्या बायकोशी बोलत. "नाही, नाही येत ते. अगदी नक्की. हो, मग सांग ना तुझ्या आईला, खोली मोकळीच आहे. सांगितलंस पण? रडल्या? अगं, त्यात काय, त्या तरी एकट्या किती दिवस राहणार?" तो मोकळं हसला. सरांना पाहून त्याने अंगठा वर केला.

 सरांनी दारातला भुसा पायाने बाजूला केला आणि ते आत परत आले. कुंदाताई आता हातातली करंजी तशीच धरून दाराकडे पाहत होत्या. कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा असा उघडा नव्हता.

"काय म्हणाला?"

"पाहू म्हणाला," सर म्हणाले.

कुंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग करंजीची कड दुमडली, नीट मुरड घातली, ताटात ठेवली.

"मग ते लाकूड तरी उचला अंगणातून," त्या म्हणाल्या. "पणत्या लावायला जागा नाही राहिली."